पाऊल लहान, बक्षीस लगेच: वर्तन घडतं कसं

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं एक स्वयंपाकघर. संध्याकाळचे सात वाजलेत. आई पोळ्या करतेय आणि चार वर्षांचा मुलगा तिची ओढणी ओढतोय, "आई, फोन दे ना." हात पिठाचे, म्हणून ती "नंतर" म्हणते. तो पुन्हा मागतो, जरा मोठ्याने. तवा तापलाय, पोळी करपेल. ती कोपरानेच ओट्यावरचा फोन त्याच्याकडे सरकवते. घर शांत होतं. पुढच्या आठवड्यात ती ठरवते की ओरडून मागितलं तर द्यायचा नाही. मुलगा ओरडतो, फोन मिळत नाही, मग पाय आपटून रडतो, तेव्हा मिळतो. आणखी दहा दिवसांनी रडण्यालाही दाद द्यायची नाही असं घरात ठरतं. त्या संध्याकाळी तो फरशीवर आडवा पडून डोकं आपटायला लागतो. आजोबा घाबरून स्वतःच फोन आणून देतात.

घरातले म्हणतात, पोरगा हट्टी झालाय. पण त्या तीन आठवड्यांत नेमकं काय झालं ते क्रमाने पाहा. आधी साध्या मागण्यावर फोन मिळत होता. मग साधं मागणं पुरेनासं झालं, ओरडावं लागलं. मग ओरडणं पुरेना, रडावं लागलं. मग रडणंही पुरेना. दर वेळी आधीपेक्षा थोडं जास्त मागितलं गेलं, आणि ते थोडं जास्त आलं की लगेच बक्षीस मिळालं. प्रयोगशाळेत कबुतराला चेंडू ढकलायला शिकवतात ते याच पद्धतीने. डोकं आपटण्यापर्यंत मुलाला इतक्या बेताच्या पायऱ्यांनी नेलं गेलं, की मुद्दाम ठरवूनही याहून चांगली आखणी झाली नसती.

मानसशास्त्रात या पद्धतीला शेपिंग म्हणतात, म्हणजे वर्तनाला आकार देणं. साधक अभिसंधान, म्हणजे परिणामांवरून वर्तन कसं बदलतं याचा अभ्यास, या मोठ्या विषयाचा हा एक भाग. ही पद्धत घराघरांत रोज चालू असते, कुणाला ठाऊक असो वा नसो. ती डोळे उघडे ठेवून कशी वापरायची आणि कुठे फसते, तेवढंच इथे पाहू.

मुळातली कल्पना

एखाद्या वर्तनानंतर लगेच जे घडतं, त्यावर ते वर्तन पुन्हा होणार की नाही हे ठरतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेलं मांजर लाकडी पेटीत, खाणं बाहेर, आणि दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडणार. पहिल्यांदा मांजर ओरबाडायचं, चावायचं, फटीतून अंग घुसवायचं, आणि त्या धडपडीत कधीतरी खटक्याला पंजा लागायचा. दर खेपेला सुटायचा वेळ हळूहळू कमी होत गेला. एका क्षणी युक्ती कळली आणि वेळ एकदम खाली आला, असं झालं नाही. निरुपयोगी धडपड गळत गेली आणि उपयोगी हालचाल तेवढी उरली. पुढे १९३०च्या दशकात बी. एफ. स्किनर या दुसऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने उंदरासाठी खटक्याची पेटी बनवली आणि हा अभ्यास मोजमापाच्या पायावर आणला.

जो परिणाम आधीचं वर्तन वाढवतो तो प्रबलक, आणि ती क्रिया म्हणजे प्रबलन. इथे एक गोष्ट मनात पक्की बसायला हवी. बक्षीस हा देणाऱ्याचा शब्द आहे. प्रबलक कोणता, ते घेणाऱ्याच्या वर्तनावरूनच कळतं. वर्गात ज्या मुलाकडे एरवी कुणाचं लक्ष जात नाही, त्याला बाईंचं रागावणंसुद्धा प्रबलक ठरू शकतं, कारण तेवढा अर्धा मिनिट बाई फक्त त्याच्याशी बोलत असतात. उलट लाजऱ्या मुलीला चारचौघांत उभं करून टाळ्या वाजवल्या, तर ती पुढच्या वेळी हात वर करणार नाही. देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, वर्तन वाढलं नाही तर ते प्रबलन नव्हे.

दुसरा गोंधळ ऋण प्रबलन या शब्दाचा. पुष्कळजण त्याचा अर्थ शिक्षा असा घेतात, आणि परीक्षेच्या पेपरातही ही चूक सर्रास दिसते. नकोशी गोष्ट थांबल्यामुळे जे वर्तन वाढतं, तिथे ऋण प्रबलन असतं. शिक्षेने वर्तन कमी होतं, ऋण प्रबलनाने वाढतं. वरच्या स्वयंपाकघरात आईचं काय झालं पाहा. फोन दिला की रडणं थांबतं, म्हणून फोन देणं वाढतं. मुलाला फोनने घडवलं आणि आईला शांततेने. दोघंही एकाच वेळी एकमेकांना शिकवत होते, म्हणून तर अशी सवय एकट्या मुलाला दटावून सुटत नाही.

कबुतर, लाकडी चेंडू आणि एक पिठाची गिरणी

शेपिंग हाताने, समोर पाहत करता येतं हे लक्षात आलं ते १९४३ साली. दुसऱ्या महायुद्धात कबुतरांकरवी बॉम्बला दिशा देता येईल का, यावर स्किनर काम करत होते आणि त्यांचा मुक्काम अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होता. बरोबर केलर ब्रेलँड आणि नॉर्मन गटमन हे सहकारी होते. एक दिवस त्यांनी कबुतराला चोचीच्या फटक्याने लाकडी चेंडू ढकलायला शिकवायचं ठरवलं. आधी ते पूर्ण फटक्याची वाट पाहत बसले. कबुतर काही फटका मारेना. मग त्यांनी नियम बदलला: फटक्याशी जराही नातं असलेली हालचाल दिसली, अगदी चेंडूकडे नुसतं पाहिलं, तरी लगेच दाणा द्यायचा, आणि हळूहळू अट वाढवत न्यायची. काही मिनिटांत चेंडू पेटीच्या भिंतींवर आदळायला लागला.

हे का जमतं? कारण कुठलंच वर्तन दोनदा हुबेहूब सारखं होत नाही. कबुतर चेंडूकडे दहा वेळा वळलं तर कधी मान थोडी वळते, कधी जास्त, कधी एक पाऊलही पुढे पडतं. त्या दहांतल्या सर्वांत पुढच्या दोन-तीन प्रयत्नांनाच दाणा दिला, की पुढचे दहा प्रयत्न सगळेच थोडे पुढे सरकतात. आता त्यांतले पुढचे दोन-तीन निवडायचे. यात भर पडते ती आणखी एका गोष्टीची. कालपर्यंत ज्यावर दाणा मिळत होता त्यावर तो मिळेनासा झाला, की प्राणी वेगवेगळं करून पाहतो: जोर लावतो, दिशा बदलतो. मानसशास्त्रात बक्षीस बंद होण्याला विलोपन म्हणतात. शेपिंगचं सगळं कसब बक्षीस आणि हे छोटं, मोजकं विलोपन यांच्या आलटून-पालटून वापरात आहे. बक्षिसाने पायरी पक्की होते, आणि ते थांबलं की पुढची पायरी शोधली जाते.

माणसाच्या बाबतीत ही पद्धत किती नाजूकपणे चालते त्याचा १९६० साली प्रसिद्ध झालेला एक दाखला आहे. मनोरुग्णालयातला एक रुग्ण १९ वर्षं एक शब्दही बोलला नव्हता. एकदा मानसशास्त्रज्ञाच्या खिशातून च्युइंगगम बाहेर आलं आणि रुग्णाचे डोळे तिकडे वळले. तेवढंच हाती होतं, तिथूनच सुरुवात झाली. आठवड्याला तीन बैठका. पहिले दोन आठवडे गम समोर धरायचं आणि डोळे वळले की द्यायचं. तिसऱ्या आठवड्यापासून ओठ हलेपर्यंत थांबायचं. मग घशातून काही आवाज येईपर्यंत. मग "गम म्हणा, गम" असं म्हणून त्या आवाजाला शब्दाच्या जवळ आणायचं. सहाव्या आठवड्याच्या शेवटी रुग्ण आपणहून म्हणाला, गम द्या. १९ वर्षांच्या मौनापुढे नजर वळणं ही गोष्ट मोजण्याइतकी मोठी आहे, हे ज्याने ओळखलं त्याचं निरीक्षण या कामात सर्वांत मोलाचं.

कुत्रीला सतरंजीवर बसवताना

आता एक उदाहरण जवळून पाहू. घरात आणलेली देशी कुत्री बेल वाजली की दारावर धावते आणि पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारते. हवंय ते असं: बेल वाजली की तिने कोपऱ्यातल्या सतरंजीवर जाऊन बसावं.

आधी तयारी. बक्षिसाचा तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा हवा. उकडलेलं चिकन किंवा पनीर चांगलं. तुकडा मोठा असला की चावण्यात वेळ जातो आणि पोट लवकर भरतं. पोट भरलं की प्रबलक हा प्रबलक राहत नाही. म्हणून शिकवणी जेवणाआधी, आणि तेवढं खाणं रोजच्या वाट्यातून वजा. मनुका, चॉकलेट आणि कांदा कुत्र्याला विषारी आहेत, तेव्हा घरातला चिवडा-शेव देऊ नका.

दुसरी तयारी खुणेच्या आवाजाची. कुत्री सतरंजीवर पाय ठेवते तो क्षण पाव सेकंदाचा; तुमचा हात तिच्या तोंडापर्यंत जाईतो ती खाली उतरलेली असते आणि बक्षीस उतरण्याला मिळतं. म्हणून बरोबर त्या क्षणी एक ठरलेला, छोटा, नेहमी सारखाच आवाज करायचा. क्लिकर, म्हणजे दाबल्यावर टक्क वाजणारी छोटी डबी, नसेल तर बॉलपेनचं बटण किंवा जिभेने काढलेला टक्क असा आवाज चालतो. पहिल्या दिवशी काहीच न शिकवता पंधरा-वीस वेळा नुसतं टक्क आणि लगेच तुकडा. टक्क म्हटल्यावर ती वळून तुमच्या हाताकडे पाहायला लागली की आवाजाला अर्थ आला. त्यानंतर नियम एकच: टक्क झालं की तुकडा द्यायचाच, आवाज चुकून झाला असला तरी.

सतरंजी चार घड्या करून कोपऱ्यात टाका आणि दोन पावलं मागे उभे राहा. बोलू नका, बोट दाखवू नका, ओढू नका. तिने सतरंजीकडे पाहिलं, टक्क, तुकडा. चार-पाच वेळा झालं की नुसतं पाहणं पुरे नाही. त्या दिशेने एक पाऊल हवं. मग एक पंजा सतरंजीवर. तुकडा सतरंजीपासून थोडा लांब टाकत जा, म्हणजे ती खायला उतरेल आणि परत येण्याची संधी मिळेल. मग दोन पंजे, चारही पंजे, मग चारही पंजे ठेवून दोन सेकंद उभं राहणं, मग बसणं. एक बैठक तीन ते पाच मिनिटांची, दहा-पंधरा तुकड्यांची, दिवसातून दोनदा. रेंगाळण्याआधी थांबा.

पायरी कधी चढायची? एक साधा आडाखा आहे: दहांपैकी आठ वेळा जमलं की पुढे जा, लागोपाठ तीन वेळा फसलं की एक पायरी मागे या. मागे येण्यात कमीपणा वाटून घेऊ नका. दुसऱ्या दिवशीची सुरुवातसुद्धा नेहमी कालच्या शेवटच्या पायरीच्या एक पायरी अलीकडून करावी.

बसणं आलं की काम अर्धं झालं, आणि बहुतेक लोक चुकतात ते इथून पुढे. आता तीन गोष्टी वाढवायच्या आहेत: किती वेळ बसते, तुम्ही किती लांब आहात, आणि आजूबाजूला किती गडबड आहे. तिन्ही एकदम वाढवल्या तर इमारत कोसळते. एक वाढवताना बाकीच्या दोन सैल सोडायच्या. वेळ वाढवताना तुम्ही शेजारीच उभे राहा आणि घर शांत असू द्या. अंतर वाढवायला लागलात की वेळ पुन्हा दोन सेकंदांवर आणा. वेळही जिन्यासारखा सरळ वर नेऊ नका. तीन सेकंद, मग पाच, मग दोन, मग आठ, मग चार, मग दहा, असा वरखाली न्या. दर वेळी आधीपेक्षा अवघडच होत गेलं तर शिकणाऱ्याला ते कळतं आणि तो सोडून देतो.

"जागेवर" हा शब्द इतका वेळ आलाच नाही, याकडे लक्ष द्या. कुत्री ज्या गोष्टीत अजून कच्ची आहे तिला नाव दिलं, तर ते नाव कच्च्या वर्तनाला चिकटतं. ती स्वतःहून, खात्रीने सतरंजीवर जायला लागली की मग, ती निघण्याच्या अर्धा क्षण आधी "जागेवर" म्हणायचं. शब्द पक्का झाल्यावर बेल आणायची: आधी फोनवर हळू आवाजातली बेल, लगेच "जागेवर", ती गेली की तुकडा. काही दिवसांत ती बेल ऐकूनच निघते आणि शब्दाची गरज उरत नाही. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, गच्चीवरून आरडाओरडा आणि थाळ्यांचा आवाज चालू असताना हे शिकवायला घेऊ नका. घाबरलेलं जनावर बक्षीस खातही नाही, आणि भीतीवरचा इलाज ही वेगळीच गोष्ट आहे.

कुठे आणि का फसतं

सगळ्यांत जास्त वेळा फसतं ते पायरी मोठी झाल्यामुळे. शिकवणाऱ्याच्या मनात शेवटचं चित्र असतं, त्यामुळे एक पंजा ठेवणं ही त्याला प्रगतीच वाटत नाही. तो थांबतो, बक्षीस येत नाही, आणि शिकणारा निघून जातो. मग "याला कळतच नाही" हा शेरा. उलटी चूकही होते: एकाच पायरीवर पन्नास-साठ बक्षिसं दिली की ती पायरी शेवटची असल्यासारखी घट्ट होते. मुलाला बाजाच्या पेटीवर (हार्मोनियमवर) एकच सोपा अलंकार महिनाभर शाबासकी देऊन वाजवू दिला, तर पुढचा पलटा काढताना त्याची बोटं जुन्या वळणावरच जातात.

मग उशीर. बक्षीस ज्या क्षणी येतं त्या क्षणीचं वर्तन घडवतं, तुमच्या मनातलं नव्हे. १९४८ साली स्किनर यांनी भुकेल्या कबुतरांना, ती काय करताहेत याचा काहीही संबंध न ठेवता, दर १५ सेकंदांनी दाणे दिले. आठांपैकी सहा कबुतरांत ठळक, विचित्र सवयी तयार झाल्या. एक घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरायचं, एक पेटीच्या कोपऱ्यात डोकं खुपसायचं. दाणा पडला तेव्हा जे चाललं होतं तेच पुन्हा होत गेलं. कुत्री बसण्याआधी गिरकी घेते आणि तुम्ही तरीही तुकडा देता, तर गिरकीही शिकवली गेलीच.

शिकवताना मधेच ओरडणं किंवा थापट मारणं याचं नुकसान वेगळं आहे. शेपिंग चालतं ते शिकणारा काहीतरी करून पाहतो म्हणून. एकदा करून पाहण्याला मार मिळाला की तो काहीच करून पाहत नाही, आणि निवडायला वर्तनच उरत नाही. ही चूक भरून काढायला सर्वांत जास्त दिवस लागतात.

लाच आणि बक्षीस यांतला फरक घरात रोज पुसला जातो. रडणं सुरू झाल्यावर "गप्प बसलास तर चॉकलेट" म्हटलं, की चॉकलेटची वाट रडण्यातून जाते हे मुलाला कळतं. आधी ठरलेलं, आणि हवं ते वर्तन झाल्यावर मिळालेलं असतं ते बक्षीस.

गोष्ट थांबते तिथे

बडोद्याच्या मराठी घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते: मुलांना मराठी समजतं, पण उत्तर गुजरातीत किंवा हिंदीत येतं. "मराठीत बोल" असं दहा वेळा बजावून काही होत नाही, कारण बजावलं जातं ते चुकीच्या उत्तरानंतर, आणि बरोबर उत्तराला वेगळं काहीच मिळत नाही. पाणी, जेवण, माया मात्र अशा कामासाठी कधीही रोखून धरायची नाही. त्या गोष्टी मुलाच्या हक्काच्या. त्यापेक्षा झोपतानाची गोष्ट वापरावी, कारण "पुढे काय झालं" ही ओढ फार जबरदस्त असते आणि बक्षीस बाहेरून आणावं लागत नाही.

आजी कोल्ह्याची गोष्ट सांगतेय. वाघ आला, आणि मग कोल्हा... इथे ती थांबते. सहा वर्षांची नात म्हणते, "कोल्हा भागी गयो." एक शब्द मराठी, दोन गुजराती. पहिल्या आठवड्यात हे पुरे आहे. आजी लगेच, उत्साहाने पुढे जाते: "हो, कोल्हा पळून गेला, आणि गेला तो थेट नदीवर!" तिने चूक दाखवली नाही, बरोबर रूप फक्त कानावर घातलं. वाक्यात एक मराठी शब्द हमखास यायला लागला की आजीने थोडं जास्त थांबायचं, तीन-चार सेकंद. "कोल्हा भागून गेला" आलं, की गोष्ट झटक्यात पुढे. हे मराठी अजून गुजरातीच्या साच्यातलं आहे, पण कालच्यापेक्षा जवळचं आहे. काही दिवसांनी "पळून गेला" आपोआप येतं, कारण ते रोज ऐकलेलं आहे. नातीने पूर्ण गुजराती वाक्य टाकलं तरी गोष्ट कायमची थांबवायची नाही. आजीने पाच सेकंद थांबून आपल्या चालीने, जरा कमी रंगवून पुढे जायचं. फरक रंगवण्यात ठेवायचा. पाच मिनिटांच्या गोष्टीत असे सहा-सात थांबे पुष्कळ झाले, जास्त केले तर गोष्टीची परीक्षा होते.

इथे बक्षिसाच्या मर्यादेबद्दलही बोलायला हवं. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या, रंगीत पेनांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. चित्रं काढली तर प्रशस्तिपत्र मिळेल, असं ज्यांना आधी सांगितलं होतं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात त्या पेनांकडे कमी वळली. ज्यांना प्रशस्तिपत्र अचानक मिळालं त्यांची आवड तशी घटली नाही. तेव्हा मूल जे आवडीने करतंय त्याला बक्षिसाचा करार लावू नका. शेपिंग लागतं ते जे अजून होतच नाही तिथे, आणि तिथेही बक्षीस त्या कामाच्या पोटातलंच मिळालं तर उत्तम.

काही वर्तनं एकाच हालचालीची नसतात, ती साखळी असते. सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात सायकल चालवणारे आणि छोटी तोफ उडवणारे पोपट होते. तोफ उडवणं ही एक कृती नव्हे, चार-पाच कृतींची माळ आहे. अशी माळ शेवटाकडून ओवणं सोयीचं पडतं: आधी फक्त शेवटची कृती, तिच्यावर बक्षीस, मग शेवटच्या दोन, मग तीन. त्यामुळे शिकणारा नेहमी नव्याकडून ओळखीच्या भागाकडे जातो आणि शेवट हमखास गोड होतो. मुलाला बुटाची लेस बांधायला शिकवताना शेवटची ओढ आधी त्याला द्या, बाकी तुम्ही बांधा. (देशी पोपट पाळणं आज वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, तेव्हा पोपटावर प्रयोग नकोत.)

प्राण्याच्या उपजत वृत्तीपुढे प्रबलन हरतं, हेही केलर ब्रेलँड यांनीच, पत्नी मेरियन यांच्यासह, १९६१ साली दाखवलं. डुकरांना लाकडी नाणी उचलून गल्ल्यात टाकायला शिकवलं; काही आठवड्यांत ती नाणी वाटेत टाकून नाकाने उकरायला लागली, खाणं उशिरा मिळत होतं तरी. जे वर्तन खाणं शोधण्याच्या उपजत सवयीला भिडतं ते टिकत नाही. मुलांकडूनही वयाला न पेलणारं काही बक्षिसाने काढून घेता येत नाही.

पुन्हा त्या स्वयंपाकघरात

नवी पायरी बसवताना दर वेळी बक्षीस द्यायचं. बसल्यावर ते विरळ करायचं: दोनांतून एकदा, मग सरासरी तिनांतून, पाचांतून एकदा, पण नेमकं कधी ते कळू न देता. असं अधूनमधून बक्षीस मिळालेलं वर्तन फार चिवट असतं. हीच गोष्ट रडण्यालाही लागू पडते. चार दिवस फोन न देता पाचव्या दिवशी दिला, तर रडणं आणखी चिवट होतं, रोज देण्याहून जास्त.

म्हणून आधी घरातल्या सगळ्यांनी, आजोबांसकट, दोन गोष्टी ठरवायच्या: कशावर फोन मिळणार आणि किती वेळ. समजा, हळू आवाजात "आई, फोन देशील?" म्हटलं की दहा मिनिटं, गजर लावून. पहिले तीन-चार दिवस या मागण्यावर फोन ताबडतोब मिळाला पाहिजे, पोळी तव्यावर असली तरी. रडण्यावर कुणाकडूनच नाही. मुलगा डोकं आपटायला लागला तर खाली उशी सरकवायची, इजा होऊ द्यायची नाही. पण न बोलता, नजर न देता आणि फोन न देता. आपटणं जोरात असेल, रोजचंच झालं असेल किंवा फोनचा विषय नसतानाही होत असेल, तर बालमानसतज्ज्ञाला दाखवा.

बक्षीस बंद झालं की वर्तन कमी होण्याआधी उसळतं. सुरुवातीचे काही दिवस रडणं आजवरच्यापेक्षा मोठं आणि लांब असेल, एखादी अगदी नवी गोष्टही निघेल. नेमक्या त्या शिखरावर हार मानली, तर ते शिखरच पुढची पायरी होते. ते ओसरल्यावर आठ-दहा दिवस शांततेत जातात आणि मग एखाद्या संध्याकाळी रडणं अचानक परत येतं. उपाय फसला असं तेव्हा वाटतं, पण हे नेहमीचं आहे. तसंच वागत राहिलं की ही दुसरी लाट लहान असते आणि लवकर विरते.

हळू मागणं पक्कं झाल्यावर थांबणं शिकवायचं, तेही पायरीनेच. मागितल्यावर "हो, एवढी पोळी उलटते" म्हणून दहा सेकंद, मग फोन. मग वीस, मग पंधरा, मग चाळीस. दोन-तीन आठवड्यांत सगळ्या पोळ्या होईपर्यंत तो थांबू शकतो, विशेषतः हातात पिठाचा एक गोळा दिला तर. आणि पाहुणे बसलेत, अंगात ताप आहे, आज रडणं निभावून नेणं जमणार नाही असं वाटतंय, तर त्या दिवशी पहिल्याच हळू मागण्यावर फोन देऊन टाका, रडणं सुरू व्हायच्या आत.